हाकेच्या भरवशावर

पावाच्या कारखान्यात तिला सगळे ताई म्हणायचे, तिच्याहून वयाने मोठी असलेली माणसंसुद्धा. खरं तर ती एका धाकट्या भावाचीच ताई होती. पण तो कारखान्यात लागला आणि दिवसभर या टोकापासून त्या टोकापर्यंत ‘ताई, ताई’ करत फिरू लागला, तेव्हा बाकीच्यांच्या तोंडीही तेच बसलं.

भावाला मात्र कोणी नावाने हाक मारत नसे. तो ‘पाहुणा’. ताईनेच शब्द टाकून त्याला तिथे चिकटवलं होतं. पहिल्या दिवशी सुपरवायझरने विचारलं, “किती दिवस टिकणार?” तर हा छाती काढून म्हणाला, “साहेब, मी पाहुणा आहे. चांगलं काम मिळालं की निघालो.” चांगलं काम काही मिळालं नाही. लग्न झालं, मुलगी झाली, कानशिलाजवळचे केस पिकले, तरी पाहुणा उठायचं नाव घेईना. पॅकिंगमधल्या बायका म्हणायच्या, “असला चिवट पाहुणा कोणाच्या घरी येऊ नये गं बाई!” तो लगेच म्हणायचा, “चहा तरी विचारा, मग जातो.”

आई गेली तेव्हा तो बोबडं बोलत होता आणि ताई स्वतः फ्रॉकमधली पोर होती. त्याला कडेवर घेऊन तिने शाळेचे धडे पाठ केले, आणि तो झोपेना म्हणून एक दिवस शाळाच सोडली. पुढे तिच्या लग्नाचं वय कधी आलं आणि कधी गेलं, हे बघायला कोणाला सवड झाली नाही. तिलाही नाही. भावाचं लग्न तिने हौसेने करून दिलं. दोन खोल्यांच्या घरात ती, भाऊ, भावजय आणि छकुली अशी चौघं राहायची. छकुली बापासारखी बडबडी. आतल्या खोलीत ताई आणि छकुली एका पांघरुणात झोपायच्या, आणि ‘आत्या, तुझे पाय गार आहेत’ अशी तक्रार रोज न चुकता व्हायची.

कारखाना तसा फार मोठा नव्हता. एका अंगाला पीठ मळायची खोली, मध्ये भट्ट्या, आणि दुसऱ्या अंगाला पॅकिंगचा हॉल. पीठ मळायचं मशीन म्हणजे आडवं निजलेलं पोलादाचं पोट. पोतीच्या पोती पीठ त्यात रिचवलं जायचं, आणि आत मनगटाहून जाड पाती गरागरा फिरायची. मशीन चालू-बंद करायचं पॅनेल मात्र भिंतीच्या पलीकडे होतं. पिठाची धूळ विजेच्या सामानाला सोसत नाही, म्हणून ते तिकडे बसवलेलं. म्हणजे बटण दाबणाऱ्याला मशीन दिसत नसे, आणि मशीनपाशी असलेल्याला बटण दिसत नसे.

पॅनेलवर अण्णा असायचे. हयात त्या पॅनेलपुढे गेलेली, डोकं पिठासारखं पांढरं, आवाज मऊ. पाहुणा आणि अण्णा एका डब्यात जेवायचे. पाहुणा अण्णांच्या डब्यातली भाजी संपवायचा आणि वर म्हणायचा, “काकूंना सांगा, उद्या मीठ जरा कमी.”

मशीन साफ करायचं काम पाहुण्याचं. मळलेलं पीठ कोपऱ्यात वाळून बसतं, ते खरवडून काढलं नाही तर पुढचा घाणा आंबतो. त्यासाठी कमरेपर्यंत आत वाकावं लागे, कधी अख्खं आत शिरावं लागे. शिरण्याआधी तो भिंतीकडे तोंड करून ओरडायचा, “अण्णा, आत चाललो!” पलीकडून उत्तर यायचं, “ऐकलं रे!” काम आटोपून बाहेर आला की तो ओरडायचा, “झालं!” मगच अण्णा बटणाला बोट लावायचे. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं. खाली मेन स्विच होता, नाही असं नाही. पण तो पाडला की सगळं पॅनेल पहिल्यापासून लावत बसावं लागे, भट्ट्यांचा ताल चुके आणि सुपरवायझरचा पारा चढे. आत माणूस असताना मेन स्विच पाडायचा, हा नियमसुद्धा होता. काचेच्या चौकटीत, मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये, त्यांच्या खुर्चीच्या मागे. ज्यांनी तो वाचायचा ती माणसं त्या केबिनमध्ये फक्त बोलणी खायला जायची, आणि तेव्हा कोणी मान वर करून भिंती वाचत नाही.

त्या उन्हाळ्यात भट्ट्यांच्या बाजूला एक मोठा पंखा बसवला. गरम हवा बाहेर फेकणारा, माणसाएवढा. सगळ्यांना बरं वाटलं, घाम कमी झाला. पण त्याची घरघर अशी की शेजारी उभ्या माणसाशीही ओरडून बोलावं लागे. हवा आली आणि हाक गेली. पाहुणा म्हणाला, “अण्णा, आता तुम्हाला पत्र पाठवून कळवत जाईन.” अण्णांनी सुपरवायझरच्या कानावर घातलं, “हल्ली नीट ऐकू येत नाही हो.”

“अण्णा, वय झालं तुमचं,” सुपरवायझर म्हणाला. आजूबाजूचे हसले. अण्णाही हसले आणि कामाला लागले.

ते घडलं ते भरदुपारी, पाळी बदलायच्या सुमाराला. मालाची मोठी मागणी होती, फाटकाशी गाड्या लागल्या होत्या, आणि सुपरवायझर इकडून तिकडे ‘आटपा, आटपा’ करत होता. पाहुणा साफसफाई करून बाहेर आला, ‘झालं!’ म्हणून ओरडला. मग त्याच्या लक्षात आलं असावं की खरवडायची पट्टी आतच राहिली. पट्टी तशीच राहिली तर पिठात जायची. तो माघारी वळला आणि आत वाकला. पुन्हा हाक मारली का, की क्षणाच्या कामाला हाक कशाला असं त्याला वाटलं, हे सांगायला कोणी उरलं नाही. अण्णांनी ‘झालं’ ऐकलं होतं. त्यांनी बटण दाबलं.

ताई पॅकिंगच्या टेबलाशी पाव बांधत होती. दिवसभर त्या मशीनची गुणगुण तिच्या कानात स्वतःच्या श्वासासारखी असायची. आहे हेही कळत नसे. तो आवाज अडखळला. हातातला पुडा टाकून ती धावली. का धावलीस, असं नंतर लोकांनी विचारलं, तर तिला ते सांगता आलं नाही. भट्ट्यांच्या गल्लीतून माणसांना ढकलत ती पिठाच्या खोलीत पोचली.

तिथे तिने काय पाहिलं ते तिने पुढे कधीच कोणाला सांगितलं नाही, आणि विचारायची हिंमत कोणाची झाली नाही. एवढंच सगळ्यांना आठवतं की अण्णा भिंतीला वळसा घालून आले होते आणि आपला उजवा हात अंगापासून लांब धरून उभे होते. जणू तो दुसऱ्या कोणाचा हात होता आणि आपल्याकडे चुकून आला होता. “तो झालं म्हणाला,” ते म्हणत होते. “झालं म्हणाला तो.”

काही दिवसांनी मोठे साहेब घरी आले. माणूस वाईट नव्हता. छकुलीच्या डोक्यावरून त्यांनी बराच वेळ हात फिरवला. जाताना भावजयीला म्हणाले, “ज्याच्या निष्काळजीपणाने हे झालं त्याला आम्ही सोडणार नाही.” भावजयीने ते वाक्य घट्ट धरलं, बुडणाऱ्याने फळी धरावी तसं. दुःख कुठेतरी ठेवायला जागा लागते; तिला ती मिळाली. अण्णांना कामावरून काढलं. पोलिसांनी नेलं, मग जामिनावर सोडलं. कारखान्यातही जो तो म्हणू लागला, “अण्णांनी एकदा बघायला हवं होतं.” म्हणताना प्रत्येकाला जरा हायसं वाटत असे. चूक अण्णांची असली म्हणजे आपल्यावर ती पाळी येणार नाही.

एका संध्याकाळी अण्णा आणि काकू घराच्या पायऱ्यांखाली येऊन उभे राहिले. वर यायचा धीर होईना. भावजयीने खिडकीतून पाहिलं आणि आतूनच म्हणाली, “ताई, त्या माणसाला सांगा, माझ्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही.”

ताई दारात गेली. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. ‘या’ म्हणायला तिची जीभ उचलेना, आणि ‘जा’ म्हणायलाही. शेवटी तिने दार लावलं. कडी वाजू नये म्हणून हळूच लावली, एवढंच.

महिनाभराने ती कामावर गेली. घरात बसून भिंती अंगावर येत होत्या, आणि चूल कोणीतरी पेटती ठेवायला हवी होती. पॅकिंगच्या बायकांनी तिला मध्ये घेतलं. कोणी पाणी दिलं, कोणी उगाच तिचं टेबल पुसलं. तिने पहिला पुडा बांधायला घेतला, आणि पंखा अजून लावलेला नव्हता म्हणून पिठाच्या खोलीकडून स्पष्ट आवाज आला, “आत चाललो!” दुसरा आवाज म्हणाला, “ऐकलं!”

तिने पुडा खाली ठेवला. पॅनेलवर दुसऱ्या पाळीतला माणूस आणून बसवला होता, साफसफाईला भट्टीवरचा एक जण. दोघंही लेकुरवाळे. बाकी तेच मशीन, तीच भिंत, तोच पंखा, तीच हाक. एक माणूस गेला, एकाला घालवला, आणि मशीन पुन्हा फिरायला लागलं.

ती उठली, पिठाच्या खोलीवरून गेली आणि थेट पॅनेलपुढे जाऊन उभी राहिली. बटणाला पाठ लावून.

“ताई, अहो, काय करताय?” पॅनेलवाला गोंधळला.

“तो बाहेर येऊन मला दिसला की सरकते.”

“तो आवाज देतो की.”

“आवाज माझा भाऊही द्यायचा.”

सुपरवायझर धावत आला. “ताई, तुमचं काम पॅकिंगला आहे.”

“ठाऊक आहे मला.”

“असं रोज कसं चालेल? बाई, झाल्या गोष्टीचं मला काय वाईट वाटत नाही? पण ज्याने केलं त्याला काढला ना आपण!”

“अण्णांना काढलंत,” ताई म्हणाली, “मग ती हाक का नाही काढलीत?”

 सुपरवायझरने कपाळाला हात लावला आणि तिथेच घुटमळत राहिला. साफसफाई करणारा भिंतीला वळसा घालून आला, पिठाने माखलेला. त्याला डोळ्यांनी पाहिलं, तेव्हा ताई बाजूला झाली.

मग हे रोजचंच झालं. साफसफाईची वेळ आली की ताई टेबलावरून उठायची, आणि शेजारच्या बायका न सांगता तिचे पुडे बांधायच्या. कोणी म्हणालं, बिचारीच्या डोक्यावर परिणाम झाला. कोणी म्हणालं, नसती नाटकं. साफसफाई करणारा मात्र काही म्हणाला नाही. तो आत शिरण्याआधी आता हाक मारत नसे. मान वळवून ताई गेली का तेवढं बघायचा. एकदा ती तापाने फणफणली होती तरी आली. त्याने तिला हात जोडले. “ताई, घरी जा. आज मी आत जातच नाही.”

अपघाताची चौकशी करणाऱ्या सरकारी अधिकारी बाई आल्या त्या नेमक्या साफसफाईच्या वेळी. जाड भिंगांचा चष्मा, पायात मजबूत बूट, बोलणं मोजकं. पॅनेलपुढे उभी असलेली बाई बघून त्यांनी विचारलं, “तुमची इथे नेमणूक आहे का?”

“नाही. माझा भाऊ इथे गेला.”

 बाईंनी पंखा बंद करायला लावला, चालू करायला लावला, स्वतः मशीनच्या तोंडाशी जाऊन हाक मारली आणि पलीकडे कोणाला ऐकू आलं ते विचारलं. कोणालाच धड आलं नव्हतं.

सुनावणीला अधिकारी बाईंसमोर मोठे साहेब, सुपरवायझर, अण्णा, भावजय आणि ताई सगळे एका लांब टेबलाभोवती होते. अण्णा इतके वाळले होते की सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता. उजवा हात खिशात. ताईला विचारलं, तेव्हा ती उभी राहिली. भाषण करायची तिला सवय नव्हती.

“माझा भाऊ गेला,” ती म्हणाली. “अण्णांच्या हातून गेला, ते खरं. पण अण्णांच्या जागी मी असते तर माझ्या हातून गेला असता. या सुपरवायझरांच्याही. अण्णांनी ‘झालं’ ऐकलं, बटण दाबलं. रोज तेच करायचे. आमच्याकडे माणसाचा जीव हाकेच्या भरवशावर होता, बाईसाहेब. हाक वाऱ्यावर जाते. अण्णांना तुरुंगात घातलंत तरी उद्या दुसरा कोणी दाबणारच आहे.”

अण्णांनी डोकं टेबलावर टेकलं. भावजय खुर्ची मागे सारून बाहेर निघून गेली.

घरी आल्यावर भावजय बोलली. “तुमचा भाऊ होता. माझा नवरा होता. भाऊ असला की माफ करता येतं वाटतं!”

“मी माफ केलं असं कुठे म्हटलं?”

“मग काय केलंत?”

ताईला सांगता येईना. मनात होतं ते असं, की अण्णांना धरून बसलं तर त्या मशीनकडे कोणी बघणारच नाही. पण समोरच्या बाईचा संसार उद्ध्वस्त झालेला, तिला हे कुठल्या तोंडाने सांगायचं? ती चुलीकडे वळली. तिथेच बहुधा चुकलं. त्याच आठवड्यात भावजय छकुलीला घेऊन माहेरी गेली. गाडीत बसताना छकुलीने विचारलं, “आत्या, तू नाही येत?” भावजयीने तिचं तोंड पुढे वळवलं.

चौकशीचा निकाल लागला. अण्णांवरचा ठपका निघाला, कारखान्यावर बसला. अधिकारी बाई स्वतः येऊन सगळ्यांना समजावून गेल्या. आता आत शिरणाऱ्याने आधी मेन स्विच पाडायचा आणि त्याला आपलं कुलूप घालायचं. किल्ली एकच, ती त्याच्याच खिशात. तो बाहेर येऊन स्वतः कुलूप काढेपर्यंत मोठ्या साहेबांनाही मशीन चालू करता येणार नाही. मशीनच्या तोंडाला जाळीचं झाकण बसलं, ते उघडलं की वीज आपोआप तुटते. पंख्याची जागा बदलली. ऐकता ऐकता मागच्या रांगेतली एक बाई पुटपुटली, “एवढंसं कुलूप.” 

अण्णांना परत कामावर घ्यायचं ठरलं, आणि ते सांगायला ताईच गेली. तिन्हीसांजेची वेळ होती. काकूंनी दार उघडलं. आत अंधार. अण्णा पलंगावर बसलेले होते.

“दिवा का नाही लावला?” ताईने विचारलं.

काकू हलक्या आवाजात म्हणाल्या, “मी बाहेर गेले होते. ते नाही लावत. त्या दिवसापासून कुठल्याच बटणाला हात लावत नाहीत. मी येईपर्यंत असेच बसतात.” त्यांनी पुढे होऊन दिवा लावला.

ताईने निरोप सांगितला. अण्णांनी मान हलवली, नाही म्हणून. मग म्हणाले, “ताई, तू पॅकिंगला होतीस. तुला ऐकू आलं होतं का? तो झालं म्हणाला होता ना?”

‘हो’ म्हटलं असतं तर म्हातारा त्या रात्री झोपला असता. ताईच्या ओठांवर ते आलंही. पण पाहुण्याच्या बाबतीत खोटं बोलणं तिला जमेना.

“तिकडे ऐकू येत नव्हतं, अण्णा. पण तो म्हणाला असणार. तुम्ही त्याच्याशिवाय दाबलं नसतं, हे मला माहीत आहे.”

अण्णा रडले. ती त्यांच्या शेजारी बसली, आणि त्या संध्याकाळी लावून घेतलेल्या दाराबद्दल दोघंही बोलले नाहीत. निघताना काकूंनी डब्यात भाजी भरून दिली. मीठ किंचित जास्त होतं. अण्णा पुढच्या थंडीत गेले. दुखणं असं काही नव्हतं. माणूस विझत गेला. ताई अंत्यसंस्काराला गेली. कारखान्यातले बरेच जण आले होते, मान खाली घालून.

कुलपांची हळूहळू सवय झाली. सुरुवातीला सुपरवायझर कुरकुरला, पुढे तोच सगळ्यात कडक झाला. ताईला पॅनेलपुढे उभं राहायची गरज उरली नाही, तरी पुष्कळ दिवस त्या वेळेला तिचे पाय आपोआप उठायचे.

एकदा मात्र गंमत झाली. साफसफाई करणारा काम आटोपून जेवायला निघून गेला आणि कुलूप काढायचं विसरला. गाड्या फाटकाशी, भट्ट्या तापलेल्या, आणि पॅनेल मुकं. “किल्ली कुठाय? किल्ली कुठाय?” एकच गोंधळ. कोणीतरी म्हणालं, “तोडा हो ते कुलूप, आत कोणी नाहीये, मी बघून आलोय.”

“कोणी हात लावायचा नाही,” सुपरवायझर ओरडला. “तो येऊन काढेल. तोवर राहू दे बंद.”

सगळा कारखाना खोळंबला. बायका टेबलांना टेकून उभ्या राहिल्या. पंखाही थांबला होता, त्यामुळे रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज आत येत होते. ताई खोक्यांच्या थप्पीमागे जाऊन बसली आणि तोंडावर हात दाबून रडली. पाहुणा गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती. एक माणूस जेवायला गेला आहे म्हणून एवढं मोठं मशीन थांबू शकतं, मग त्या दिवशी क्षणभर थांबायला काय झालं होतं? तो माणूस तोंड पुसत, ओशाळून धावत आला, बोलणी खाल्ली, कुलूप काढलं. काम सुरू झालं. ताईने डोळे पुसले आणि पाळी संपेपर्यंत पाव बांधले.

भावजय परत आली नाही. छकुलीचा कधीमधी फोन येतो, आई बाहेर गेली असली की. शाळेचं सांगते, मैत्रिणींचं सांगते, आणि पावलं वाजली की घाईने ठेवते. ताई दोन खोल्यांत एकटी असते. संध्याकाळी एकटीपुरतं रांधायला बसते, पण अजून तिचा अंदाज चुकतो. भांड्यात चौघांना पुरेल एवढं होतं.